कोऱ्या पानांच्या मावशींना

मावशी,

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. अडखळली तर अडखळू द्या. जोडाक्षरांना तिला वेळ लागतो, पण वाचते ती बरोबर.

सोमवारी मी पुणं सोडतेय. स्वारगेटहून बार्शीची एसटी. खोली रिकामी केली, गादी शेजारच्या मुलीला दिली, मेसवाल्या काकूंचे पैसे चुकते केले. तुमचं देणं तेवढं राहिलं. ते काही फिटायचं नाही, म्हणून चारचौघांत लिहितेय.

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की वर्षाचे १२० तास भरायचे आणि सात दिवसांच्या शिबिराला जायचं. दांडेकर पुलाजवळ तुमच्या वस्तीत संध्याकाळचा वर्ग घ्यायचं ठरलं. पहिल्या दिवशी हार, फलक, फोटो, सगळं झालं. समाजमंदिराची खोली तुमचीच समजा म्हणून ज्यांनी भाषण केलं, त्यांचंच कुलूप दुसऱ्या आठवड्यात दारावर होतं. किल्ली मागायला चार वेळा गेले, चारही वेळा 'साहेब बाहेर आहेत'. कबूल केलेल्या वह्यांचं खोकं तर आलंच नाही. आमच्यातलेही बरेचजण तास भरल्याची सही मिळाली त्या दिवसापासून फिरकले नाहीत. अजून आठवलं की राग येतो. अकरा मुलं कट्ट्यावर बसायची आणि तिघांत मिळून एक वही.

तुम्ही कचऱ्याची ढकलगाडी लावून घरी जाताना रोज बघत होतात. बोलला मात्र काही नाहीत. मग एका संध्याकाळी कापडी पिशवी माझ्यापुढे ठेवलीत आणि म्हणालात, "बघ गं, चालतात का."

अकरा वह्या होत्या. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा, दाभणानं भोकं पाडून सुतळीनं शिवलेला. आत एकरेघी पान, मग दुरेघी, मग गणिताचं चौकटीचं, परत एकरेघी. परीक्षा संपल्या की सोसायट्यांतून अर्ध्या भरलेल्या वह्या कचऱ्यात येतात, त्यांतली कोरी पानं तुम्ही पिना उचकटून वेगळी केली होती. अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, पिन लागलेली.

त्या वह्या चाळताना मला दिसलं, की बऱ्याच पानांचा वरचा पट्टा फाडून काढलाय. पट्टी धरून फाडावा इतका सरळ. मी विचारलं, तर म्हणालात, "कुणाकुणाची तारीख लिहिलेली होती. पोरांना वाटाया नको, दुसऱ्याची वही हाय म्हणून."

मावशी, तुम्हाला अक्षर वाचता येत नाही. तरी त्या कोपऱ्यातली शाई तुम्हाला दिसली आणि ती बघून एखाद्या पोराला काय वाटेल तेही कळलं. पुण्यात तीन वर्षं राहिले, भाषणं खूप ऐकली. माझ्या मनात राहिला तो हा फाडलेला पट्टा.

नंतर कळलं, की रद्दीत पांढऱ्या कागदाला सगळ्यात चांगला भाव मिळतो. म्हणजे दिवसाच्या कमाईतला चांगला वाटा तुम्ही आमच्यासाठी बाजूला काढत होतात. गळ्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचं, म्हणजे कचरावेचकांच्या संघटनेचं, ओळखपत्र, संघटनेच्या नावातच कागद, पोट त्याच्यावर. आणि तोच कागद तुम्ही देऊन टाकलात. का म्हणून विचारलं तर तुम्ही २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र सांगितलीत. आंबिल ओढा घरात शिरला, थोरल्या नातवाचं दप्तर गेलं, सकाळी चिखलात वह्यांचा लगदा सापडला. "तवापासनं कोरं पान टाकवत न्हाई," एवढंच बोललात आणि पिशवी झटकून घडी घातलीत.

तुमची आई ७२ च्या दुष्काळात आमच्याच सोलापूर जिल्ह्यातून इथं आली. मी त्याच वाटेनं शिकायला आले. माझ्या पदवीच्या कागदावर सावित्रीबाईंचं नाव असेल, विद्यापीठच त्यांच्या नावाचं आहे. त्यांनी आणि जोतीरावांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती याच शहरात. शेणाचे गोळे झेलत त्या रोज शाळेत जायच्या, हे आपण भाषणात सांगतो. रोज कचऱ्यात हात घालून दुसऱ्याच्या पोरासाठी कोरं पान शोधणाऱ्या बाईकडे मात्र दार अर्धवट उघडून डबा पुढे करतो, तोंड दुसरीकडे. माणुसकी कुणात असते हे मला इथं येऊन कळलं. ती फार कमी बोलते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. दोन वर्षांचे तास संपल्यावर तिसऱ्या वर्षीही मी वर्गाला आले ते तुमच्यामुळे. तुम्ही वह्या शिवत असताना मी घरी कशी बसणार होते?

वर्ग आता दुसऱ्या वर्षाच्या दोघी घेतील. दोघींना तुमच्याकडे आणून ओळख करून दिली आहे, कुलपाची गोष्टही सांगितली आहे.

बारावी वही मी बरोबर नेतेय. निरोपाच्या दिवशी दिलीत ती. तिच्यावर अजून काही लिहिलं नाही.

यंदाच्या वह्या आता निघायला लागल्या असतील. पिशवीत हातमोजे ठेवलेत, पिना काढताना घालत जा. बोटं अडतात म्हणून काढून ठेवू नका.

तुमची,
वर्गवाली पोरगी