जीएची पुडी आणि वेडं रोप

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी द्राक्षाचे घड जीएच्या पाण्यात बुडवायचं दुसरं डिपिंग उरकलं. बाया घरी गेल्या, मी तीनदा हात धुतले, तरी बोटांना अ‍ॅसिटोनचा वास आहेच. परवा फोनवर तू कुरकुरलीस, सेमिनारला ‘तृणधान्यांचे बुरशीजन्य रोग आणि हार्मोन’ असला कोरडा विषय आलाय म्हणून. कोरडा? अगं, याच विषयावर तुझी फी भरली जाते.

आपली जीएची, म्हणजे जिबरेलिक आम्ल या वाढीच्या हार्मोनची, पुडी आठव. पांढरी पूड, थेट पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवायची आणि मग टाकीत ओतायची. चाळीस पीपीएम म्हणजे हजार लिटरला फक्त ४० ग्रॅम. तेवढ्यावर आपल्या थॉमसन द्राक्षाचा मणी फुगतो. आता श्रावणात तू कर्नालकडून पाठवलेला फोटो काढून बघ. बासमतीच्या खाचरात एकच रोप हातभर वर आलेलं, पिवळट, काडीसारखं, खालच्या पेराला मुळ्या फुटलेल्या. तिकडे याला झंडा रोग म्हणतात असं तूच लिहिलं होतंस. त्या रोपाला ज्यानं उंच केलं, तेच आपल्या पुडीत आहे.

जपानी शेतकरी या रोगाला ‘बाकानाए’ म्हणत, म्हणजे वेडं रोप. तैवान तेव्हा जपानच्या ताब्यात होतं. तिथं एइची कुरोसावा यांनी या रोगाची बुरशी द्रावणात वाढवली, ते इतकं गाळलं की बुरशीचा कणही राहिला नाही, आणि नुसतं पाणी भाताच्या रोपांना दिलं. रोपं तरीही ताडमाड वाढली. हे १९२६ चं. पुढं तोक्योत तेइजिरो याबुता यांनी १९३५ मध्ये रोपं वाढवणाऱ्या या द्रव्याला जिबरेलिन नाव दिलं आणि १९३८ मध्ये त्याचे स्फटिक मिळवले. नाव बुरशीच्या तेव्हाच्या नावावरून, जिबरेला. झाडं स्वतःही हेच करतात याचा धडधडीत पुरावा १९५८ मध्ये आला, घेवड्याच्या कोवळ्या बियांतून. म्हणजे झाडाचं हार्मोन माणसाला आधी सापडलं ते त्याच्या शत्रूकडे! बाजारातलं जीए आजही त्याच बुरशीला टाक्यांत पोसून काढतात.

मला बीएस्सीला हे दोन ओळींत उरकून शिकवलं होतं. बुरशीला भात उंच करून काय मिळतं, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. आता वाचते तेव्हा कळतं. झाडात डेला नावाची प्रथिनं असतात. ती वाढीचा लगाम धरून बसतात. जिबरेलिन आलं की ती मोडीत निघतात आणि रोप सुटतं. पण जास्मोनिक आम्ल हे झाडाचं रोगापासून बचावाचं हार्मोन, आणि तीच डेला त्यालाही हात देत असतात. ती गेली की उंची वाढते आणि पहारा ढिला पडतो. आपल्या सहीचा चेक दुसऱ्यानंच वटवावा, तशातली गत. बँकेला सही खरीच दिसते.

गव्हाची गंमत याच्या उलटी. नोरिन १० या जपानी गव्हातून आलेल्या बुटक्या जातींत डेला हट्टी असतात, जिबरेलिनला दाद देत नाहीत. हरितक्रांतीचा गहू लोळत नाही तो यामुळे. पण २०१२ मध्ये गहू आणि बार्लीवर दिसलं की असा लगाम पेशी मारून खाणाऱ्या बुरशीपुढं बरा टिकतो आणि जिवंत पेशीवर जगणाऱ्या भुरीपुढं उलट कच्चा पडतो. द्राक्षालाही भुरी धरते, त्यामुळे नाव काढलं की माझ्या पोटात गोळा येतो, तू समजू शकतेस.

एक गोष्ट सेमिनारमध्ये जपून मांड. सॅलिसिलिक आम्ल हे बचावाचं दुसरं हार्मोन एकीकडे, जास्मोनिक दुसरीकडे, आणि दोघांची रस्सीखेच, हे चित्र मोहरीच्या गोतातल्या अरॅबिडॉप्सिस या रोपट्यावरून आलंय. भाताच्या पानात सॅलिसिलिक मुळातच भरपूर असतं, तिथं ते चित्र जसंच्या तसं चिकटवू नकोस.

इगतपुरीला माझ्या माहेरी आवणीनंतर भातावरच्या करप्याची धास्ती असायची. पानावर होडीच्या आकाराचे ठिपके, आणि लोंबी निघताना मानमोडी झाली, म्हणजे लोंबीची मानच कुजली, की बाबा दोन दिवस बोलत नसत. ती बुरशी दुसऱ्याच वाटेनं जाते. सिंगापूरच्या टेमासेक प्रयोगशाळेनं २०१५ मध्ये दाखवलं की ती भाताच्या जास्मोनिक आम्लाला एक हायड्रॉक्सिल जोडते आणि ते निकामी करते. हाक मारणाऱ्याचं तोंडच दाबायचं. हे वाचून मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, “तेव्हा सांगितलं असतंस तर काय झालं असतं?” काही नाही झालं असतं, खरं आहे.

आणि हो, तू नववीत होतीस त्या वर्षी शेजाऱ्यांचे लांब घड बघून मी जीएचा हात सैल सोडला होता. घड देखणे आले. पुढच्या छाटणीला काड्यांवर घड मोजकेच निघाले, आणि तुझ्या बाबांनी आठवडाभर मला काही विचारलं नाही.

सेमिनारची तारीख कळव. पहिल्या स्लाइडला पुडीचा फोटो हवा असेल तर आज-उद्यात सांग, रिकाम्या पुड्या अजून शेडमध्येच आहेत.

तुझी,
आई