खजुराच्या झाडाखाली मरीया

वडोदरा
जानेवारी

प्रिय सलीम,

सलाम आणि जय ख्रिस्त.

परवा फोनवर तू नाताळाचं विचारलंस तेव्हा मी दोन वाक्यांत आटोपलं. खरं तर सांगण्यासारखं खूप होतं, पण ते लिहूनच कळवावं असं मनात होतं.

सुरुवात दिवाळीनंतर झाली. एका सभेला गेलो होतो. कुठली, कोणाची, ते लिहीत नाही. बाहेरून आलेल्या वक्त्याने ठासून सांगितलं की मुसलमान आपल्या प्रभूचा अपमान करतात. चाळीसेक माणसं माना डोलावत होती. मला ठाऊक होतं की ईसाचं, म्हणजे आमच्या येशूचं, नाव घेतलं की तुमच्या घरात 'अलैहिस्सलाम', त्याला शांती लाभो, म्हटल्याशिवाय कोणी पुढे बोलत नाही. तुझ्या अम्मींच्या तोंडून ते मी कितीदा ऐकलंय. तरी मी मान खाली घालून बसलो. त्या रात्री झोप लागली नाही रे. आपल्या माणसांत बसून तुमच्याबद्दल खोटं ऐकलं आणि गप्प राहिलो, हे मला फार लागलं.

मग नाताळाच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे घरप्रार्थना होती, तिला मी शेजारच्या चाचांना बोलावलं. निवृत्त शिक्षक आहेत, गल्लीतल्या निम्म्या पोरांचं गणित त्यांनीच सुधारलंय. पाळकसाहेबांना आधी विचारलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "येऊ द्या. मरीयेबद्दल त्यांच्याकडे काय आहे, ते त्यांच्याच तोंडून ऐकू."

पाळकसाहेबांनी बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचला. मग चाचांनी कुराणातल्या सूरह मरियमच्या, म्हणजे मरीयेच्या अध्यायाच्या, आयती म्हटल्या आणि अर्थ सांगितला. सलीम, इतकी वर्षं तुझ्यासोबत राहूनही हे मला माहीत नव्हतं. मरीया एकटी आहे, कळा सुरू झाल्यात, खजुराच्या बुंध्याला धरून म्हणते की याआधीच मेले असते तर बरं झालं असतं. तेव्हा खालून आवाज येतो: दुःख करू नकोस, तुझ्या पायाशी झरा आहे, बुंधा हलव, पिकलेले खजूर पडतील, खा, पी.

घरात कोणी हललं नाही. आमच्या मावशीने तीस वर्षं प्रसूतिवॉर्डात नर्स म्हणून काढली. ती म्हणाली, "खरंय हे. बाई अगदी असंच बोलते त्या वेळी. आमच्या लूकने तिच्या कळांबद्दल काहीच लिहिलं नाही." आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

चाचांनी मग हबश्याच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाकडच्या, राजाची हकीकत सांगितली. मक्केतल्या छळाला कंटाळून पहिले मुसलमान समुद्रापार आश्रयाला गेले, तो राजा ख्रिस्ती होता. मक्केवाले त्यांना परत मागायला आले, तेव्हा त्या मुसलमानांतल्या जाफरने दरबारात हीच सूरह म्हटली. राजा रडला आणि त्याने त्यांना परत दिलं नाही. तुमच्या परंपरेत ही हकीकत पोराटोरांना ठाऊक असते, आमच्या शंभर घरांत विचारलं तर एकालाही माहीत नसेल.

इथवर सगळं गोड होतं. मग कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने विचारलं, "चाचा, पण येशू क्रूसावर मेला हे तुम्ही मानत नाही ना?"

"नाही, बेटा," ते म्हणाले. "कुराणात तसं नाही."

पाळकसाहेब म्हणाले, "आमचा तर सगळा विश्वास त्या क्रूसावर उभा आहे."

मला वाटलं, झालं, आता विषय बदलावा, चहा आणावा. पण चाचांनी हात जोडले आणि म्हणाले, "मग तो तुमच्यासाठी काय आहे, ते मला नीट सांगा. मी मध्ये बोलणार नाही." पाळकसाहेब दहा मिनिटं बोलले. चाचा एकटक ऐकत होते. शेवटी त्यांनी ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगितलं आणि विचारलं, "बरोबर समजलो का?" बरोबर समजले होते. मानत नव्हते, पण समजले होते.

त्या क्षणी मला आपलं होस्टेल आठवलं. तू साधेपणाने विचारलं होतंस, "तुम्ही तीन देव मानता का?" आणि मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. तू अपमान करत नव्हतास, समजून घ्यायला आला होतास. ज्या बडोदा कॉलेजात सयाजीराव महाराजांनी धर्मांच्या तौलनिक अभ्यासाची सोय केली, आल्बन विजरींसारखा प्राध्यापक नेमला, त्याच घुमटाखाली शिकून मला एक प्रश्न झेपला नाही. सलीम, त्या आठ दिवसांची माफी मी कधी मागितली नाही. आज मागतो.

१२१९ साली, क्रूसयुद्ध पेटलेलं असताना, असिसीचा ख्रिस्ती संत फ्रान्सिस इजिप्तमधल्या दमिएत्ताजवळ सुलतान अल-कामिलच्या छावणीत निःशस्त्र गेला. कोणीच धर्म बदलला नाही, पण तो सुखरूप परतला. त्याचंच नाव घेतलेले पोप आठशे वर्षांनी, ४ फेब्रुवारी २०१९ ला, अबुधाबीत कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाचे इमाम अहमद अल-तय्यब यांच्याशेजारी बसले आणि दोघांनी मानवी बंधुत्वाच्या एका दस्तऐवजावर सह्या केल्या. त्याआधी २००७ मध्ये १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना खुलं पत्र लिहिलं होतं: देवावर प्रेम आणि शेजाऱ्यावर प्रेम, एवढं तर आपल्या दोघांचं आहे. मोठी माणसं पुष्कळ पुढे गेलीत. आमच्या सभेतल्या चाळीस माणसांपर्यंत त्यातलं काहीच पोचलेलं नाही, आणि ते पोचवणं माझ्यासारख्याचंच काम आहे. त्या सभेच्या चालकांना मी भेटून आलो. माझं बोलणं त्यांना रुचलं नाही. पुन्हा जाईन.

रमजान लागला की चाचांनी आम्हा सगळ्यांना इफ्तारला बोलावलंय. सूरह मरियमची सुरुवात जकरियापासून होते, लूकचं शुभवर्तमानही जखऱ्यापासूनच. त्या दिवशी ते दोन्ही वाचायचं ठरलंय. तू दोन दिवसांची रजा काढून ये. तो जुना प्रश्नही बरोबर आण, या वेळी मी उत्तर देईन, आणि तुला पटलं नाही तरी ऐकून घे.

अम्मींना एक विचारून ठेव. तुझ्या जन्माच्या वेळी त्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात होत्या, तेव्हा पहाटे नर्सेस गात असत ते ऐकू यायचं, असं त्या सांगायच्या. त्यातलं एखादं गीत आठवतं का? मावशीला हवंय. त्यांना माझा सलाम सांग.

तुझा,
अनिल