नॉर्थ युइस्टच्या शेतकरी आजोबांना

आदरणीय आजोबा,

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, अटलांटिकमधल्या तुमच्या बेटावर आम्ही आलो ते पक्ष्यांसाठी. फुलांची गोडी लावलीत ती तुम्ही. बांधावर दुर्बिणी घेऊन उभी असलेली अनोळखी माणसं बघून ट्रॅक्टर थांबवलात आणि हातातलं काम सोडून आमच्याबरोबर फिरलात. त्यासाठी मनापासून आभार.

किनाऱ्यालगतच्या त्या सपाट रानाला, माखेरला, मूठभर वाळू तळहातावर घेऊन तुम्ही समजावलंत. ती बरीचशी शिंपल्यांचा चुरा. वारा तो आत आणून टाकतो आणि त्यातला चुना फुलांना मानवतो. हिवाळ्यात तुम्ही समुद्रातलं शेवाळ पसरता, त्यानं ती भुसभुशीत वाळू धरून राहते. मग ओट किंवा राय ही धान्यं, आणि पुढे जमीन पडीक. खरी श्रीमंती त्या पडीक तुकड्यातच होती! पिवळंधमक कॉर्न मॅरिगोल्ड, रानटी पॅन्सी, लाल क्लोव्हर, ओलसर जागी जांभळी ऑर्किडं. क्लोव्हरवरची ग्रेट यलो बम्बलबी, ती गुबगुबीत पिवळी माशी, तुम्ही बोट दाखवलंत म्हणून दिसली. ब्रिटनमध्ये ती आता स्कॉटलंडच्या उत्तरेला आणि पश्चिमेलाच उरली आहे.

आणि कॉर्नक्रेक. आफ्रिकेतून उडत येणारा हा पक्षी आम्हाला दिसला नाही, पण रात्री तुम्ही सांगितलेल्या कुंपणाशी थांबलो तेव्हा उंच गवतातून त्याची हाक ऐकू आली, कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तशी. किती वेळ ऐकत होतो, सांगता येणार नाही.

त्याच्यासाठी तुम्ही गवत उशिरा कापता, तेही मधून कडेकडे, म्हणजे पिल्लांना बाहेर पळायला वाट राहते. कडेनं आत कापत गेलं तर ती मधल्या उरलेल्या गवतात कोंडली जातात. उशीर झाला की चाऱ्याचा कस उतरतो, पावसात भिजायची धास्ती वेगळी. हे तुम्ही अगदी सहज बोलून गेलात, पण माझ्या मनातून ते जात नाही. आम्ही नुसते ऐकून निघून येतो, झळ तुम्ही सोसता.

तिकडे निघालेल्या प्रत्येकाला मी आता सांगतो, जून-जुलैत जा, उभ्या गवतात पाय घालू नका, कॉर्नक्रेकला बाहेर काढायला रेकॉर्ड केलेला आवाज लावू नका. आणि बांधावर कुणी शेतकरी भेटला तर आधी त्याचं ऐका.

तुमचा ऋणी,
एक प्रवासी