मानेच्या ऑपरेशनात पाठीशी उभ्या राहिलेल्यांचे आभार

शिलाई मशीनवर वाकून वाकून जडलेलं मानेचं दुखणं खांद्यातून अंगठ्यापर्यंत उतरलं होतं. गोळ्या झाल्या, फिजिओथेरपी झाली. हातातली कात्री सुटायला लागली, तेव्हा ऑपरेशन ठरलं. त्या काळात देवासारखं धावून आलेल्या कितीतरी जणांची नावंही मला ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

छत्रपती संभाजीनगरला ओपीडीबाहेर भेटलेले जालन्याकडचे काका, तुम्ही पट्टा बाजूला करून गळ्यावरचा व्रण दाखवलात. "चीर समोरून देतात, बाई. काही दिवस घास गिळताना त्रास होईल, घाबरायचं नाही," म्हणालात. तसंच झालं, आणि मी घाबरले नाही.

शिकाऊ डॉक्टर ताई, केसपेपरच्या मागे चित्र काढून तुम्ही दोन्ही मार्ग समजावलेत: मानेच्या दोन मणक्यांमधली दबलेली चकती काढून ते मणके जोडणं, नाहीतर कृत्रिम चकती बसवणं, म्हणजे तिथली हालचाल टिकते. माझे मानेतले सांधे फार झिजलेले, म्हणून जोडणंच बरं. इतकं समजावून सांगणं हा प्रत्येक पेशंटचा हक्क आहे, पण मिळतो किती जणांना!

वॉर्डातल्या मावशी, तुम्ही भरवलेला तो पातळ, कोमट वरणभात मी जन्मात विसरणार नाही.

हाड जुळायला महिने लागतात, तोवर वजन उचलायचं नाही. परभणीत नळाला पाणी आलं की माझे हंडे आधी भरणाऱ्या गल्लीतल्या बायांनो, तुमचे उपकार कसे फेडू?