पाणी सुटण्याची वेळ

रोहा

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या कयाकच्या, त्या एकट्याने वल्हवायच्या छोट्या होडीच्या, सरावाचा व्हिडिओ आजीच्या पलंगावर बसून आम्ही दोघींनी पाच-सहा वेळा पाहिला. पहिल्या वेळी तिने ‘हा मुद्दाम उलटा का होतो?’ असे विचारले, आणि तिसऱ्या वेळी ‘आता येईल बघ वर’ असे तीच मला सांगू लागली. माझे लक्ष मात्र भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे होते. कसरती दाखवायला मिळालेल्या 45 सेकंदांपैकी तेरा-चौदा सेकंद तुझे लाटेवरून निसटून, काठालगत उलट्या फिरणाऱ्या पाण्यातून, म्हणजे तुमच्या त्या ‘एडी’तून, पुन्हा लाटेवर येण्यातच गेले. उजवीकडचे कार्टव्हील, म्हणजे कयाकचे नाक आणि शेपूट आळीपाळीने पाण्यात घालून घेतलेली ती कोलांटी, तू दोनदा केलेस. एकाच बाजूच्या त्याच कसरतीला दुसऱ्यांदा गुण मिळत नाहीत, हे मला जेवणाच्या टेबलावर चमचा फिरवून समजावणारा तूच होतास. डावीकडचे मात्र एकदाही केले नाहीस.

म्हणून शनिवारच्या स्पर्धेपूर्वी नवी अवघड कसरत शिकण्याच्या मागे लागू नकोस. तुझी ती ‘मॅकनॅस्टी’ नावाची कसरत पुढच्या वर्षीही तेथेच असेल. डावे कार्टव्हील बसव, आणि आरंभी दोन्ही बाजूंच्या साध्या गिरक्या घेऊन लाट कशी धरते आहे याचा अंदाज घे. आणखी एक, क्लबची ती निळी कयाक तुझ्या वजनाला मोठी आहे, हे मला व्हिडिओतही दिसले: नाक पाण्यात बुडवण्यासाठी तुला सारे अंग पुढे झोकावे लागते, आणि मग तोल सावरायला काही उरत नाही. लहान मापाची मागून घे. मिळाली नाही, तर निदान कमरेच्या दोन्ही बाजूंना फोम नीट बसवून घे. बैठक सैल असली की तू हलतोस आणि कयाक मागाहून हलते.

आता जे मी तुला कधी नीट सांगितले नाही, ते सांगते. मागच्या वेळी मी काठावरून ओरडले आणि तू आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाहीस. तुझा राग रास्त होता. परंतु मी कुंडलिकेच्या काठी वाढलेली मुलगी आहे. मुळशी धरणाचे पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येते आणि तेथून या नदीत सुटते. 1927 पासून हे असेच चालू आहे. आमच्या लहानपणी नदीवर जाताना घरातून एकच बजावणे असे, की पाणी चढताना दिसले तर कपडे, बादली, जे असेल ते तेथेच टाकून वर यायचे. एकदा माझी पितळी कळशी तशीच गेली. त्याबद्दल मला कोणी रागावले नाही, यावरूनच काय ते समज. ज्या क्षणी आम्ही नदीतून पळत असू, त्या क्षणाची तू तिकडे अमेरिकेत कोलंबसला हेल्मेट घालून वाट पाहत असतोस. चॅटाहूची नदीच्या वरच्या धरणातून पाणी सुटले, की तुझा चेहरा उजळतो आणि माझ्या पोटात गोळा येतो.

गंमत अशी, की आता इकडेही तेच झाले आहे. काल सकाळी कोलाडला औषधे आणायला गेले, तर राफ्टवाल्या गाड्यांची रांग लागली होती. भिऱ्याचे पाणी केव्हा सुटणार यावर त्यांचा सारा दिवस बेतलेला. तुमच्या कोलंबसला तर गिरण्यांसाठी बांधलेले दोन जुने बंधारे 2012 आणि 2013 मध्ये फोडले, तेव्हा कुठे नदी पुन्हा खळखळू लागली. ते ऐकून आजी म्हणाली, ‘मुळशीवाल्यांना सांग हे.’ मुळशी धरणाविरुद्धच्या 1921 च्या सत्याग्रहाच्या गोष्टी तिने तिच्या वडिलांकडून ऐकल्या आहेत, तेव्हा या विषयावर तिच्यापुढे मी बोलत नाही.

यापुढे काठावरून ओरडणार नाही. तू मात्र एवढे कर: उलटा झालास आणि दोन प्रयत्नांत सरळ होता आले नाही, तर तिसऱ्याचा हट्ट न धरता कमरेभोवती बांधून कयाकचे तोंड झाकणाऱ्या त्या स्कर्टचा पट्टा ओढून बाहेर ये. कयाक खाली कोणीतरी पकडेलच. नाकाच्या चिमट्याने तुझ्या नाकावर वळ उठतो, त्याला रात्री खोबरेल लाव.

तुमच्याकडे दुपारचे दोन वाजतात तेव्हा येथे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. शनिवारी पाणी नक्की किती वाजता सुटणार आहे ते बाबांना आदल्या दिवशी कळवायला सांग, म्हणजे आजीची रात्रीची गोळी तेवढी पुढे ढकलता येईल. तिने जागे राहायचे ठरवलेच आहे.

तुझी,
आई