पडून राहिलेली लोकर द्या, ती विकून टोपड्यांचा खर्च काढू

आमचं विणकाम मंडळ दवाखान्यांसाठी टोपडी विणतं. विणायला हात फुकट मिळतात. धागा, सुया आणि टपाल फुकट मिळत नाही. नवजात बाळाच्या एका टोपड्याला मध्यम जाडीचा २५ ते ३० ग्रॅम धागा लागतो, मोठ्या माणसाच्या कानटोपीला साधारण ८० ग्रॅम, बाळाच्या दुपट्याला अडीचशे-तीनशे. शंभर टोपडी म्हटली की अडीच-तीन किलो धागा आलाच. हा खर्च भागवण्यासाठी आपल्या कपाटात पडून असलेली लोकर मंडळाला द्यावी, ही विनंती. ती आम्ही ऑनलाइन विकणार आहोत.

विकायची कशाला, तिचीच टोपडी का नाही? कारण दवाखान्यातले कपडे गरम पाण्यात धुतले जातात. गरम पाण्यात घुसळली की मेंढीची लोकर आटते, तिचे तंतू एकमेकांत अडकून नमद्यासारखं घट्ट कापड होतं. मोहेर (एका जातीच्या शेळीची लोकर) आणि अँगोरा (सशाची लोकर) यांची लव बाळाच्या नाकातोंडात जाते. म्हणून टोपड्यांना धुवायला सोपा ॲक्रिलिक किंवा सुती धागाच लागतो. हौशी विणकर मात्र नेमकी हीच लोकर, मोहेर, रेशीम शोधत असतात. आम्हाला निरुपयोगी असलेला गुंडा त्यांना हवा असतो, एवढं साधं गणित आहे.

गुंड्याची कागदी पट्टी असेल तर ती जरूर ठेवा. तिच्यावर धाग्याचा प्रकार, वजन, मीटर आणि रंगाचा लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या धाग्याचा क्रमांक) असतो. रंग तोच असला तरी लॉट बदलला की छटा किंचित बदलते आणि ते स्वेटर विणून झाल्यावरच डोळ्यांत भरतं. त्यामुळे एकाच लॉटचे सहा-सात गुंडे एकत्र ठेवले तर त्यांना सुट्या गुंड्यांपेक्षा चांगली किंमत येते. पट्टी हरवली असल्यास धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून जाळून पाहता येतो. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक काळा मणी होतो. दोन्ही लक्षणं दिसली तर धागा मिश्र. जाहिरातीत आम्ही तसंच लिहितो, अंदाजाने ‘शुद्ध लोकर’ म्हणत नाही.

अर्धवट गुंडेही चालतील. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं की उरलेली लांबी काढता येते: पट्टीवर ५० ग्रॅमला १२० मीटर असेल आणि गुंडा ३५ ग्रॅम भरला, तर ८४ मीटर उरले. आतल्या पुठ्ठ्याच्या नळीचं वजन मात्र वजा करायला विसरू नका. हमखास चूक तिथेच होते. उसवलेला धागा लडी करून, चार ठिकाणी सैल बांधून, कोमट पाण्यात भिजवून वाळवला की त्याची नागमोड जाते.

खरी धास्ती कसरीची, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीची. एका पिशवीतली अळी सगळा साठा खाऊ शकते. तुटके धागे, वाळूसारखे कण किंवा जाळी दिसली तर तो गुंडा देऊ नका. बाकी लोकर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये निदान दोन आठवडे ठेवावी आणि बाहेर काढल्यावर पूर्णपणे खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडू नये, नाहीतर धाग्यावर दव धरतं. डांबरगोळ्या नकोतच. तो वास धुऊनही जात नाही आणि गिऱ्हाईक पार्सल परत पाठवतं. सिगारेटच्या वासाचंही तेच.

सुटा एकेक गुंडा विकणं परवडत नाही, टपालच धाग्यापेक्षा महाग पडतं. असे गुंडे आम्ही जाडीनुसार अर्ध्या-एक किलोच्या पिशव्या करून विकतो.

धाग्याइतकीच माणसंही हवी आहेत: वजन करायला, लड्या गुंडाळायला, फोटो काढायला. फोटो दिवसाउजेडी, खिडकीपाशी, पांढऱ्या कागदावर, फ्लॅश न वापरता. लाल आणि जांभळा रंग कॅमेऱ्यात हटकून फसवतो, म्हणून फोटो धाग्याशेजारी धरून ताडून बघायचा आणि फरक असेल तर शब्दांत लिहायचा.

विक्रीचे पैसे फक्त धागा, सुया आणि टपाल यांवर खर्च होतील. हिशेबाची वही बैठकीत कुणीही पाहावी. लोकर विणकामाच्या बैठकीतच आणून द्या. ॲक्रिलिक आणि सुती धागा वेगळ्या पिशवीत ठेवा, तो विकणार नाही, थेट सुयांवर चढेल.