थर्मोस्टॅट काढून फेकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘गरम होतंय काय? थर्मोस्टॅट काढून टाकूया की!’ आमच्या खानापूर भागात जुना ट्रॅक्टर गॅरेजला नेला की बहुतेक वेळा हाच उपाय निघतो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी-सोडणारी झडप. मी सेकंडहँड घेतलेल्या मॅसी ट्रॅक्टरातही तिची जागा रिकामीच निघाली. भाताच्या चिखलणीत दिवसभर चालूनही टेंपरेचरचा काटा वर यायला तयार नव्हता, आणि डिपस्टिकवर ऑइल मात्र वाढलेले. ऑइल वाढले म्हणून खूश होणारेही आहेत आमच्यात! ते न जळलेले डिझेल त्यात उतरून वाढते. बोटावर घेऊन वास घ्यावा, लगेच कळते.

थर्मोस्टॅटात मेण असते. जुन्या डिझेल इंजिनांत साधारण ८२ अंशांना ते वितळून फुगते आणि झडप उघडते. तोवर पाणी रेडिएटरकडे जात नाही. रेडिएटर असतो एप्रिलच्या उन्हात नांगर ओढता यावा एवढा मोठा. आमच्याकडच्या आषाढात झडपच नसेल तर इंजिन तापणार कधी? डिझेल पुरते जळत नाही, पांढरा धूर येतो, सिलिंडरचे लायनर झिजतात. शिवाय काही इंजिनांत बायपासची वाट असते. झडप काढली की गरम पाणी रेडिएटर चुकवून तिथेच फिरते आणि उसाची ट्रॉली चढाला लागली की इंजिन उलट जास्तच तापते.

तापण्याचे कारण पुष्कळदा वेगळेच असते. मळणीचा भुसा रेडिएटरच्या जाळीत अडकलेला, विहिरीच्या पाण्याचा क्षार आत बसलेला, फॅन बेल्ट सैल. ते कोण बघणार? थर्मोस्टॅट काढणे सोपे पडते.

खरे तर बसवणेही अवघड नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पाणी हेडच्या खाली येईल इतके सोडावे. थर्मोस्टॅटच्या घराच्या बोल्टना आदल्या रात्री तेल घालावे, गंजलेला बोल्ट तुटला तर काम दुप्पट होते. जुने पॅकिंग खरवडताना भोकात फडके कोंबावे. मेणाचा गोळा इंजिनाच्या बाजूला, आणि हवा निघायचे छोटे भोक वरच्या अंगाला. पॅकिंग नवेच घालावे. मग रेडिएटरचे झाकण काढून पाणी सावकाश भरावे आणि इंजिन चालू ठेवावे. हवा निघाली की पातळी उतरते, तेव्हा पुन्हा भरावे.

नवा थर्मोस्टॅटही आधी पातेल्यात तपासून घ्यावा. दोऱ्याने पाण्यात लोंबता सोडावा, तळाला टेकू देऊ नये. गार पाण्यात झडप घट्ट बंद हवी, पाणी उकळायच्या आत उघडायला हवी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच असल्याने इथे उघड्या भांड्यातले पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते, तेवढे ध्यानात ठेवावे.

माझी मागणी दोन ठिकाणी आहे. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रांनी बी-खताच्या माहितीसोबत पावसाळ्यापूर्वी एखाद दिवस हे काम हाताने करून दाखवावे. आणि गॅरेजवाल्यांनी थर्मोस्टॅट काढलाच तर बिलावर तसे लिहावे, म्हणजे पुढे ट्रॅक्टर विकत घेणाऱ्याला कळेल.

तोवर, जुना ट्रॅक्टर बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा आणि रेडिएटरच्या वरच्या पाईपवर हात ठेवा, पंखा सांभाळून. बराच वेळ गार राहून मग तो एकदम तापला तर थर्मोस्टॅट जागेवर आहे. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅटचे घर उघडून दाखवा म्हणावे, मगच भाव बोलावा.

आपला,
एक भात उत्पादक शेतकरी
नंदगड, ता. खानापूर, जि. बेळगाव